रस्त्याकडे तोंड असलेला बाक

हिरामणभाऊंकडे गेलं की ते आधी जागा पुसायचे. खांद्यावरचा दुपट्टा काढायचा, बाकाची फळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसायची, दुपट्टा झटकून परत खांद्यावर टाकायचा आणि मग म्हणायचं, "बसा ना, बाबू." फळी आधीच स्वच्छ असली तरी पुसायचे. माणूस पाणी प्यायला जाऊन परत आला तरी पुसायचे. मी एकदा म्हटलं, "भाऊ, आत्ताच तर पुसली." ते म्हणाले, "ते तुम्ही आले तेव्हाची. आता पुन्हा आले ना."

तुमसरहून सिहोऱ्याला येताना, गाव लागायच्या थोडं आधी डाव्या हाताला त्यांचं घर होतं. पुढे तुमसर-बपेरा रस्ता, मागे तलाव. मी सिहोऱ्यात राहत होतो आणि तुमसरच्या एका सरकारी कार्यालयात लिपिक होतो, म्हणून ते मला बाबू म्हणत. ते माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे होते. नागपूरकडच्या एका बियरच्या कारखान्यात त्यांनी सारी नोकरी केली होती. सुरुवातीला टाक्या धुवायला लागले, आणि शेवटी शेवटी साहेब लोक यंत्राचा आकडा बघायच्या आधी हिरामणला वास घ्यायला सांगत. बायको वारली, मुलगी नागपूरलाच नांदत होती, कारखान्याने वेळेआधी घरी पाठवलं. ते गावी परत आले तेव्हा त्यांच्याकडे एक ट्रंक होती आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली लोणच्याची बरणी. बरणीत बियरचं विरजण होतं. दर मंगळवारी ते त्याला सातूचं पाणी पाजत आणि बरणीला कान लावून बसत.

"काय म्हणते?" मी विचारायचो.

"बोलून राहिली. आज जराशी चिडचिडी हाय."

त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. घरीच थोडी बियर बनवायची, अंगणात कोळशावर मासा आणि कोंबडी भाजायची आणि लोकांना बसायला जागा करायची. या शेवटच्या गोष्टीवर त्यांचा भर असे. आमच्याकडे पिणाऱ्यांची कमी नव्हती. पण प्यायचं म्हणजे बांधाआड उभं राहून, घाईघाईने, तोंड लपवून. "माणूस चोरावानी पेते म्हणून चोरावानी घरी जाते," असं ते म्हणत. त्यांना असं ठिकाण हवं होतं जिथे माणूस रस्त्याकडे तोंड करून बसेल, एक गिलास घेऊन तासभर बोलेल, येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम, जयभीम करेल आणि सरळ पावलांनी घरी जाईल. कारखान्यात त्यांनी लाखो बाटल्या जाताना पाहिल्या होत्या, पण पिणाऱ्याचं तोंड कधी पाहिलं नव्हतं.

पैसा नव्हता, म्हणून सगळं जुनंपुरानं. तुमसरच्या एका राईस मिलने भंगारात काढलेली धान उकडायची टाकी त्यांनी आणली. डेअरीवाल्याकडून दुधाचे तीन जुने कॅन घेतले. मोडलेल्या बैलबंडीच्या फळ्यांचे दोन बाक केले आणि दोन्ही रस्त्याकडे तोंड करून पक्के गाडले. सातूला मोड आणायचे ते आपण धानाच्या बियाण्याला आणतो तसेच, ओल्या पोत्यावर पसरून. कडवटपणासाठी भुईनीम.

भाजायची भट्टी करायला त्यांनी रस्त्याच्या ठेकेदाराचा एक पिंप आणला आणि उभा कापून आडवा ठेवला. पिंप डांबराचा होता. आत पऱ्हाटी आणि तणस जाळून त्यांनी तो आठ दिवस भाजला, घासला आणि मग पहिली कोंबडी त्याच्यावर टाकली. खायला मी होतो आणि शेजारचा ढिवर तुळशीराम होता, जो तलावातले मासे त्यांना आणून देई. तुळशीरामने एक घास खाल्ला, बराच वेळ चावला आणि म्हणाला, "भाऊ, मी कोंबडी नाही, तुमसर-बपेरा रोड खाऊन राहिलो."

हिरामणभाऊ हसले नाहीत. त्यांनी स्वतः एक तुकडा खाल्ला, विचार केला आणि म्हणाले, "खड्डे नाही लागले ना?" मग मात्र आम्ही तिघेही इतकं हसलो की तुळशीरामला ठसका लागला. त्या अंगणात इतकं हसणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

दुसरी चूक तांदळाची. बियरमध्ये सातूबरोबर ते कनकी घालत, तांदळाचा तुटका कण, जो आमच्याकडे मिलवर पाहिजे तितका मिळे. पहिल्या वेळी मिलवाल्याने त्यांना उकड्या तांदळाची कनकी दिली. सगळ्या कॅनला भिजलेल्या बारदानाचा वास. मी म्हटलं, भाऊ, काय फरक पडतो, गावातल्या लोकांना कुठे कळतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं. ते तिन्ही कॅन त्यांनी लिंबाच्या झाडाच्या बुडाशी ओतले, एकेक करून, घाई न करता.

ते बौद्ध होते आणि पौर्णिमेला विहारात जात. तिथे सगळे हात जोडून पंचशील म्हणतात. पहिली चार शीलं हिरामणभाऊ स्पष्ट म्हणत आणि पाचवं आलं, नशेपासून दूर राहण्याचं, की ओठ मिटून घेत. हात तसेच जोडलेले. एकदा विहारातल्या पारबताबाईंनी बाहेर आल्यावर त्यांना सगळ्यांसमोर अडवलं.

"काहून रे हिरामण, चार वेळा तोंड उघडते अन् पाचव्यांदा दात दुखतेत का?"

"चार पाळतो, बाई. पाचवं पाळत नाही. तिथं उभं राहून खोटं कायले बोलू?"

"मंग पाळ ना."

"बघतो."

मी अशा माणसाला दोन वर्षं फसवलं. ते कसं, हे सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसलो आहे, आणि इतका वेळ डांबराच्या कोंबडीचं सांगत बसलो.

त्यांची एक अट होती. कागद हाती आल्याशिवाय एक गिलासही विकायचा नाही. पुण्याकडे हॉटेलातच बियर बनवायची परवानगी मिळू लागली, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. ते कात्रण घेऊन ते माझ्याकडे आले. मी अर्ज लिहून दिला, नकाशा काढून दिला. टपाल नीट मिळावं म्हणून अर्जावर माझ्या कार्यालयाचा पत्ता, माझ्या नावाने. अर्ज भंडाऱ्याला, जिल्ह्याच्या उत्पादन शुल्क कार्यालयात गेला आणि चार महिन्यांत उत्तर आलं. चार ओळींचं पत्र. घरगुती जागेत अशी परवानगी देण्याची तरतूद नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

ते पत्र मी दोनदा वाचलं आणि टेबलाच्या खालच्या खणात ठेवलं. शनिवारी सांगू म्हटलं.

माझी बायको त्या वर्षी मुलाच्या शाळेसाठी नागपूरला राहायला गेली होती. सिहोऱ्याच्या घरात मी एकटा. शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटलो की हिरामणभाऊंकडे उतरायचं, हा माझ्या आठवड्यातला एकच कार्यक्रम होता. ते पळसाच्या पानात गुंडाळून मरळ भाजत. वर लसूण, हिरवी मिरची आणि जवसाची चटणी. एक गिलास चाखायला देत, फक्त मला, कारण मी कागदाचा माणूस होतो आणि आपण कशासाठी अर्ज केला हे मला ठाऊक असलं पाहिजे असं त्यांना वाटे. अंधार पडायच्या आत मी घरी असायचो, आणि रविवारभर ते बोलणं पुरायचं. पत्र दाखवलं असतं तर कॅन रिकामे झाले असते, भट्टी विझली असती आणि माझा शनिवारही गेला असता. हे मला त्या वेळी इतकं स्पष्ट कळत नव्हतं असं म्हणायला आवडेल. पण कळत होतं.

त्या शनिवारी त्यांनी विचारलं, "काय खबर, बाबू?"

मी म्हणालो, "फाईल गोंदियाला गेली."

आमच्याकडच्या लोकांना हे समजेल. भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, गोंदिया वेगळा निघाला, तेव्हा गाड्या भरभरून कागद तिकडे गेले. पुढची कितीतरी वर्षं कोणत्याही कार्यालयात कोणताही कागद सापडला नाही की आम्ही म्हणायचो, गोंदियाला गेला. लोक मान हलवून परत जायचे. नव्याने केलेला अर्ज गोंदियाला कसा जाईल, हे कोणी विचारत नसे. हिरामणभाऊंनीही विचारलं नाही.

"मंग येईन ना वापस," ते म्हणाले, आणि काही वेळाने, "तोवर बनवू का नको बनवू? नाही बनवलं तं हात सुटते. विरजण मरते."

मी म्हणालो, "नमुन्यापुरतं चालते."

तेही खोटं होतं. नमुन्यापुरतंही चालत नाही, तो गुन्हाच आहे, आणि मला ते माहीत होतं. पण ज्या माणसाने विकत नाही म्हणून माझ्याशिवाय एक गिलास कोणाला दिला नाही, तो माझ्या शब्दावर दोन वर्षं दर पंधरवड्याला एक कॅन बनवत राहिला आणि लिंबाच्या बुडाशी ओतत राहिला. ते झाड मात्र असं फोफावलं की तुळशीराम म्हणे, या झाडाला धरून चालवत घरी न्यावं लागेल.

दर शनिवारी ते भट्टी पेटवत, दोन्ही बाक पुसत आणि वाट बघत. मी येई. पण मी बाकावर बसत नसे. मी मागे, तलावाकडे तोंड करून, बाजेवर बसे. रस्त्यावरून माझ्या कार्यालयातले लोक जात, माझे भाऊबंद जात. आमच्या घरच्यांनी हिरामणभाऊंच्या वस्तीत कधी पाणी प्यायलं नव्हतं. मी पीत होतो, खात होतो, आणि मनातल्या मनात स्वतःला मोठा समजत होतो, पण पाठ रस्त्याकडे करून. ते दर वेळी पुढचा बाक पुसून म्हणत, "इकडं बसता का?" मी म्हणे, "ऊन लागतं, भाऊ." मग ते बाकावरची प्लेट उचलून मागे येत आणि बाजेजवळ खाली बसत.

त्यांचा पुढचा बाक असा रिकामा राहिला. पिणारे येऊन विचारत, ते नाही म्हणत. न पिणारे, दारूचा अड्डा होऊन राहिला म्हणत आणि पलीकडच्या कडेने जात. येणाऱ्याजाणाऱ्या बसला मात्र ते हात वर करत. तुमसर-बपेरा रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर त्यांना ओळखत आणि हॉर्न देत. दिवसभरात त्यांच्याशी होणारं बहुतेक बोलणं तेवढंच होतं.

मग एका शनिवारी ते म्हणाले, "गोंदियाले गेलतो."

माझा घास हातातच राहिला.

"तुमसर रोड टेसनावरून गाडी पकडली. तिथं इचारलं. एका बाबूनं दुसऱ्याकडं धाडलं, दुसऱ्यानं म्हटलं सोमवारी ये. पण माणसं चांगले हायेत. एकानं चहा पाजला."

मी म्हणालो, "कशाला त्रास घेता, भाऊ. मी बघतो ना."

"तुम्ही किती बघसान? तुमचेही कामं हायेत."

सोमवारी ते परत गेले. तिथं कोणीतरी त्यांना सांगितलं, काका, हे आमच्याकडे नाही, भंडाऱ्याला विचारा. हे मला नंतर कळलं. त्या शनिवारी मी उतरलो तेव्हा भट्टी पेटलेली होती, मासा भाजत होता आणि लोणच्याची बरणी धुऊन कुंपणाच्या खुंटाला उलटी टांगलेली होती.

त्यांनी बाज पुसली. मी बसलो. ते समोर उकिडवे बसले.

"भंडाऱ्याले गेलतो, बाबू. त्यांनी रजिस्टर काढलं. म्हणे, कागद तं दोन सालाआधीच धाडला. तुमचं नाव वाचून दाखवलं."

मी बाजेची सुटलेली दोरी आत खोचत राहिलो.

"मंग त्यांनी इचारलं, घरी बनवत तं नाही ना? मी म्हटलं, नमुना बनवतो. तं ते हासले. म्हणे, बुढ्या, इथं बोलला ते बोलला, बाहेर कोठी नको बोलू, आत टाकतीन." त्यांनी मासा उलटवला. "जनमात कधी कोणी मले असं नाही म्हटलं."

"भाऊ, माझ्याकडून राहून गेलं. विसरलो."

हे माझं तिसरं खोटं. खरं सांगायला तेव्हा काहीही अडलं नव्हतं.

त्यांनी काडीने कोळसे सारखे केले. मग म्हणाले, "तुम्ही तवाच सांगतलं असतं तं मी चहाचं टाकलं असतं. मले बसणारे पायजे होते, बाबू. बियर येत होती मले, म्हणून बियर म्हटलं."

त्यांनी मासा पानासकट माझ्यापुढे ठेवला. मी खाल्ला. खाल्ला नसता तर बरं, असं आता वाटतं, पण नाही म्हणणं त्याहून वाईट दिसलं असतं. माझं खाऊन झाल्यावर ते उठले, पुढे गेले, रस्त्याकडचा बाक पुसला आणि तिथूनच विचारलं, "बसाले तं कागद लागत नाही ना?"

"नाही."

"मंग इथं बसा आज. घटकाभर."

तुमसरकडून बपेऱ्याला जाणारी बस येत होती. शनिवार होता, बसमध्ये तुमसरच्या बाजाराहून परतणारं अर्धं सिहोरा असणार. मी म्हणालो, "ऊन आहे, भाऊ." ऊन केव्हाच उतरलं होतं. ते रस्त्याकडे वळले. बसला हात वर केला. हॉर्न वाजला. मी मागच्या वाटेने, तलावाच्या पाळीवरून घरी गेलो.

त्यानंतर मी तिथे उतरलो नाही.

त्यांनी खरंच चहाचं टाकलं. त्याच पिंपावर एका बाजूला किटली, एका बाजूला मासे. पण दोन वर्षं ज्या बाकाला गावाने दारूचा बाक म्हटलं होतं, त्याच्यावर चहा प्यायला कोणी बसेना. तुळशीराम मासे द्यायला येई, तेव्हा उभ्याने एक कप पिऊन जाई. तोच मला अधूनमधून भेटे आणि सांगे. एकदा तुमसरच्या बसस्टँडवर पारबताबाई भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्या हिरामणनं या पुनवेले पाचही म्हटले. पाचव्याले सगळ्यात मोठा आवाज त्याचाच." त्यांना त्याचा आनंद झाला होता. मी हो म्हणालो.

माझी बस रोज त्यांच्या दारावरून जाई. संध्याकाळी येताना त्यांचं घर डाव्या बाजूला पडे, म्हणून मी उजवीकडच्या खिडकीत बसायला लागलो. बायकोला एकदा फोनवर म्हणालो, बदलीचा अर्ज करतो, नागपूरकडे येतो. ती म्हणाली, इतकी वर्षं का नाही केलास?

एका संध्याकाळी बस भरलेली होती. मी दाराजवळ दांडा धरून उभा होतो, डाव्या बाजूला. हिरामणभाऊंच्या घरासमोर एक बंडी आडवी आली आणि बस थांबली. ते बाकाच्या एका टोकाला बसले होते, रस्त्याकडे तोंड करून, पिंपावर किटली. त्यांनी सवयीने बसला हात वर केला. मग त्यांना मी दिसलो. आमच्यात बैलगाडीच्या रुंदीएवढंही अंतर नव्हतं. ते हसले नाहीत, बोलावलंही नाही. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि आपल्या शेजारची फळी, मोकळ्या टोकापर्यंत, सावकाश पुसली.

कंडक्टर म्हणाला, "इथं उतरायचं हाय का, बाबू?"

पुढच्याच आठवड्यात मुलगी येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेली आणि ते परत आले नाहीत. पण त्या संध्याकाळी मला ते माहीत नव्हतं. बंडी बाजूला झाली होती. ते दुपट्टा झटकत होते.

"नाही," मी म्हणालो. "पुढं."

कंडक्टरने घंटी मारली.